बारा औषधं, चार चिठ्ठ्या, एक माणूस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

साखरेला एक डॉक्टर, गुडघ्याला दुसरे, थायरॉइडला तिसरे, आणि चक्कर आली की कोपऱ्यावरचं मेडिकल. या वेळच्या बहुतेक पत्रांमधलं चित्र हेच आहे. प्रत्येक गोळी देणाऱ्याकडे ती देण्याचं कारण होतं. सगळ्या गोळ्या एका टेबलावर मांडून कोणी बघितलं नाही, अडचण तिथे आहे. खालच्या उत्तरांमध्ये घरी करता येण्यासारखं काय आणि डॉक्टरांना विचारूनच करायचं काय, हे त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

प्रश्न: सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. पंधरा वर्षांपासून मधुमेह आणि बीपी, शिवाय थायरॉइड आणि गुडघेदुखी. गेले काही महिने पाय सुजतात, उठून उभ्या राहिल्या की चक्कर येते, हातही थरथरतो. चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत. स्ट्रिपवर बघून लिहिते: ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली गोळी दोनदा; मेटफॉर्मिन ५०० वेगळी, दोनदा; टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ एकत्र, सकाळी, टेल्मिसार्टन ४० दुसऱ्या कंपनीची, रात्री, अ‍ॅम्लोडिपिन ५, सुजेसाठी फ्युरोसेमाइड, थायरॉक्सिन ५०, पॅन्टोप्राझोल, अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन १०, अ‍ॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल दोनदा, कॅल्शियम, चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन दोनदा. क्रिएटिनिन १.४ आलं, "वयाच्या मानानं ठीक" म्हणाले. यातलं काही कमी होईल का? (कराड)

उत्तर: होईल, आणि व्हायलाच हवं. नावाखालची बारीक अक्षरं वाचून तुम्ही यादी केलीत, म्हणून गोंधळ लगेच दिसतो.

आधी दुप्पट झालेल्या गोळ्या. मेटफॉर्मिन जोडगोळीतून दिवसाला १००० मि.ग्रॅ. जातंय आणि वेगळ्या गोळीतून आणखी १०००. टेल्मिसार्टन सकाळी एका नावानं, रात्री दुसऱ्या नावानं. ८० मि.ग्रॅ. टेल्मिसार्टन हा काही अघोरी डोस नाही, पण तो कोणी विचार करून दिलेला नाही, दोन चिठ्ठ्यांची बेरीज होऊन पडलेला आहे. आपल्याकडे जोडगोळ्यांचा सुळसुळाट असल्यामुळे ही चूक फार होते. कंपनीचं नाव ठळक आणि घटक मुंगीएवढ्या अक्षरात, मग घरच्यांना दोन वेगळी औषधं वाटतात यात नवल नाही.

आता ते १.४. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा. त्याचा आकडा एकटा वाचायचा नसतो. वय आणि लिंग धरून त्यावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता. तिशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर ८३ च्या आसपास येतो. ७२ वर्षांच्या बाईचं तेच १.२ असेल तर ४८. सासूबाईंच्या १.४ ला तो साधारण ४० येतो. ३० ते ४५ च्या दरम्यान मेटफॉर्मिन दिवसाला १००० मि.ग्रॅ.च्या वर जाऊ देत नाहीत, आणि ३० च्या खाली ते बंदच करतात. म्हणजे त्यांना आत्ता दुप्पट चाललंय. ग्लिमेपिराइडचंही तसंच. किडनी मंद असली की त्याचा असर लांबतो आणि जेवण थोडं उशिरा झालं तरी साखर घसरते. चक्करेच्या वेळी एकदा तरी ग्लुकोमीटर लावून बघा.

सूज, चक्कर आणि थरथर या तीन तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी घोट्यापाशी झिरपतं. अंगात पाणी जास्त झालंय म्हणून ती सूज आलेली नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीनं ती फारशी उतरत नाही. अंगातलं कामाचं पाणी मात्र निघून जातं. अ‍ॅसिक्लोफिनॅक हे वेदनाशामकही मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी वाढवतं. मग सुजेसाठी फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी आली, आणि टेल्मिसार्टनच्या जोडगोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवीचं औषध आधीच होतं. दोन लघवीच्या गोळ्या आणि दुप्पट टेल्मिसार्टन म्हटल्यावर उभं राहताना बीपी कोसळणारच. त्या चक्करेवर प्रोक्लोरपेराझिन दिलं गेलं. त्यानं उभं राहतानाचं बीपी आणखी पडू शकतं, आणि म्हातारपणी काही आठवडे-महिने घेतलं तर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं सुरू होतं. ही थरथर कंपवाताची समजून त्यावर तेरावं औषध सुरू होण्याआधी सगळ्या गोळ्या तपासून घ्या.

सगळ्यात घातक म्हणजे वेदनाशामक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी हे त्रिकूट. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी वेदनाशामकानं आवळते, रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टननं सैल पडते, आणि लघवीच्या गोळीनं मुळात पाणीच कमी झालेलं असतं. गाळणीवरचा दाब पडतो आणि क्रिएटिनिन चढतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब सगळी याच पंगतीतली. दुखण्याचं इंजेक्शनही बहुधा डायक्लोफिनॅकचंच असतं, ते यादीत धरायचं राहून जातं.

काय करायचं ते क्रमानं. अ‍ॅसिक्लोफिनॅकची गोळी आजच थांबवा. ती एकदम बंद करायला हरकत नसते. त्याजागी साधं पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., एका वेळी एक, फार तर दोन, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर आणि दिवसभरात सहा गोळ्यांच्या वर नाही. वजन अगदी कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सर्दी-तापाच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेही या हिशेबात धरायचं. गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं जेल चालतं, कारण त्यातलं रक्तात फारच थोडं जातं; तेही पोतेऱ्यानं सारवल्यासारखं दिवसभर चोपडायचं नाही. सोबत खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार हलका होतो, पण त्याला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात.

दुप्पट झालेल्या दोन औषधांबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा आणि "मेटफॉर्मिन दोन ठिकाणी आहे, टेल्मिसार्टन दोन ठिकाणी आहे, कुठलं ठेवू?" एवढंच विचारा. मग आठवडा-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या. त्या आकड्यांवर डॉक्टर लघवीच्या गोळ्या, प्रोक्लोरपेराझिन आणि अ‍ॅम्लोडिपिन यांचा निर्णय घेतील. अ‍ॅम्लोडिपिन ५ चं २.५ केलं तरी बऱ्याच जणांची सूज ओसरते. एका वेळी एकच बदल, आणि दोन बदलांत दोन ते चार आठवड्यांचं अंतर. चार गोळ्या एकदम काढल्या तर बरं कशानं वाटलं आणि बिघडलं कशानं, दोन्ही कळत नाही.

वेदनाशामक गेलं की पॅन्टोप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं कारणही बहुधा जातं. ते वर्षानुवर्षं चाललं तर बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मेटफॉर्मिननंही बी१२ घटतं, म्हणून सासूबाईंचं बी१२ एकदा बघाच. बंद करताना मात्र दोन-चार आठवडे एक दिवसाआड घेऊन थांबवायचं. एकदम थांबवलं की आम्ल उसळतं, आणि माणूस म्हणतो "बघा, मला गोळीशिवाय चालत नाही."

थायरॉक्सिन उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोहाची गोळी त्यापासून चार तास लांब. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घेतलं की प्रश्न मिटतो. दोन्ही एकत्र घेतल्यानं थायरॉक्सिन शोषलं जात नाही, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेलं दिसतं, आणि डोस उगाच वाढवला जातो. वेळ सुधारलीत तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा.

अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी तेवढी निवांत राहू द्या. आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.५ वर आणायच्या मागे लागू नका. या वयात, इतके आजार असताना ७.५ ते ८ पुरेसं असतं. त्याखाली ओढायला गेलं की साखर घसरून पडण्याचा धोका वाढतो.

प्रश्न: बीपीची गोळी कमी करायला घेतली की डॉक्टर विचारतात, "घरचं रीडिंग काय?" आम्ही मोजतो, पण दरवेळी वेगळंच येतं. (अकोला)

उत्तर: मोजण्याआधी लघवीला जाऊन या, अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला टेबलावर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. एक-एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं मानतात. दवाखान्यात ही रेषा १४०/९० असते.

दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मनगटावरचं यंत्र घेऊ नका.

वय साठच्या पुढे असेल, किंवा मधुमेह असेल, तर आठवड्यातून एकदा उभं राहूनही मोजा: बसून एकदा, मग उभं राहिल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर ते वहीत वेगळं लिहा आणि डॉक्टरांना आवर्जून दाखवा. बसून घेतलेलं रीडिंग सुरेख आणि उभं राहिल्यावर माणूस भिंत धरतो, असं कैकदा असतं.

प्रश्न: माझं वय ६८, बीपी आणि प्रोस्टेट दोन्ही. टॅम्सुलोसिन चालू आहे. परवा सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणली, आणि रात्री लघवीच अडली. काही संबंध? (नाशिक)

उत्तर: सरळ संबंध आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन असतं. पहिल्यानं मूत्राशयाचा जोर कमी होतो. दुसऱ्यानं त्याचं तोंड आवळतं आणि बीपीही चढतं. प्रोस्टेट मोठं असलेल्यांनी या गोळ्या टाळाव्यात. वाफ, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, ताप असेल तर पॅरासिटामॉल, एवढ्यावर सर्दी निघते. पुन्हा लघवी पूर्ण अडली तर घरी वाट बघू नका, नळी घालावी लागते. टॅम्सुलोसिननंही उभं राहताना बीपी पडतं, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसा.

प्रश्न: आईला मधुमेह. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. ती सगळ्या एकादश्या करते आणि यंदा पंढरीच्या वारीत काही टप्पे चालणार म्हणते. नको म्हटलं तर ऐकणार नाही. (बारामती)

उत्तर: मग ऐकेल अशा पद्धतीनं बोलूया. उपवासाला भीती पोट रिकामं राहण्याची आहे, तितकीच भीती साबुदाण्याचीही आहे. सकाळी काही नाही, दुपारी वाटीभर खिचडी आणि वर बटाट्याची भाजी, म्हणजे आधी साखर तळाला आणि मग एकदम आभाळाला. वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, राजगिऱ्याची भाकरी असं थोडं-थोडं दर तीन-चार तासांनी खाल्लं तर हे हेलकावे कमी होतात. निर्जळी मात्र डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यानं करूच नये. ही गोळी साखर लघवीवाटे काढते, सोबत पाणीही नेते. पोटात काही नसताना शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात. त्यात फसगत अशी, की ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरानं श्वास दिसला तर साखर १८० असली तरी दवाखाना गाठायचा आणि "डापाग्लिफ्लोझिन चालू आहे" हे आधी सांगायचं.

गोळ्या उपवासाच्या दिवशी कशा घ्यायच्या हे आईच्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या, एकादशीच्या सकाळी नको. सहसा ज्या वेळचं जेवण नाही त्या वेळचं ग्लिमेपिराइड टाळतात किंवा अर्धं करतात, आणि डापाग्लिफ्लोझिन त्या दिवशी थांबवतात. मेटफॉर्मिननं एकट्यानं साखर सहसा घसरत नाही. फराळाबरोबर घेता येतं.

वारीत चालणं रोजच्यापेक्षा किती तरी जास्त होतं, त्यामुळे नेहमीचाच डोसही जास्त ठरतो. निघण्याआधी डोस ठरवून घ्या. कमरेच्या पिशवीत ग्लुकोमीटर, साखरेची पुडी आणि बिस्किटं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, किंवा साखर ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की काहीतरी खायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, रुग्णवाहिकेसाठी १०८. ग्लिमेपिराइडनं पडलेली साखर काही तासांनी पुन्हा पडते, म्हणून बरं वाटलं तरी त्या दिवशीचं चालणं तिथंच थांबवा.

पायाला रुळलेले, जुने बूट आणि सुती मोजे. अनवाणी चालायचा हट्ट असेल तर तेवढ्यापुरतं माउलींची क्षमा मागायला सांगा. रोज मुक्कामाला तळवे दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगायचे. बोटांच्या बेचक्यात चिखल राहू द्यायचा नाही. फोड आला तर फोडायचा नाही.

प्रश्न: बाबा दवाखान्यातून इन्शुलिन पेनवर आले. घरी परवडावं म्हणून कुपी आणि सिरिंज आणली. डोस तोच दिला, तरी साखर ४८ झाली. आमचं काय चुकलं? इथे उन्हाळ्यात ४५ अंश होतं आणि लाइट जाते, इन्शुलिन ठेवायचं कुठं? (यवतमाळ)

उत्तर: कुपी आणि सिरिंज दोन्ही हातात घ्या आणि आकडा बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा एका मिलीलिटरमध्ये ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची, ४० लिहिलेली. पेनमधलं इन्शुलिन १०० युनिटचं असतं, आणि १०० च्या कुप्याही मिळतात. त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलंत तर प्रत्यक्षात ५० युनिट गेले, अडीच पट. उलट केलंत तर २० च्या जागी ८ युनिटच जातात आणि साखर चढत राहते. तुमच्याकडे बहुधा पहिला प्रकार झाला. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढून द्यायची युक्ती काही घरांत करतात. तिच्यातही हाच धोका आहे. दोन्हींवरचे आकडे जुळत असतील तर मात्र कारण दुसरं आहे. इन्शुलिनचा प्रकारच बदलला का, की जेवण कमी झालं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

न उघडलेली कुपी फ्रिजच्या दारात, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. एकदा गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ झालं तरी टाकून द्यायचं. चालू कुपी चार आठवडे बाहेर राहते, पण ३० अंशांच्या आत, आणि यवतमाळच्या मे महिन्यात बाहेर म्हणजे तव्यावर. मातीचा माठ घ्या, तळाशी थोडं पाणी, त्यात विटेचा तुकडा किंवा छोटं भांडं उपडं ठेवून वर झाकणबंद डब्यात कुपी, तोंडाला ओलं फडकं, जागा सावलीची आणि वाऱ्याची. पाणी कुपीला लागता कामा नये. उघडल्याची तारीख कुपीवर पेननं लिहा. पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते इन्शुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ असतं त्यात हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर वापरू नका.

प्रश्न: जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळ्या आणल्या, पण आई म्हणते रंग वेगळा आहे, म्हणजे औषध वेगळं. (ठाणे)

उत्तर: रंग-आकार सोडा. तीन गोष्टी जुळवा: घटकाचं नाव, मि.ग्रॅ., आणि नावापुढची एसआर, एक्सएल, एमआर, ईआर ही अक्षरं. ही अक्षरं असलेली गोळी हळूहळू विरघळणारी असते. साध्या गोळीच्या जागी ती चालत नाही, आणि ती कुटून किंवा चावून घेतली तर दिवसभराचं औषध एकदम उतरतं. तिन्ही जुळलं तर बिनधास्त घ्या. थायरॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि फिटच्या गोळ्या मात्र शक्यतो एकाच कंपनीच्या ठेवा. बदलल्या तर डॉक्टरांना सांगून तपासणी लवकर करा. नवी सुरू केली की जुनी स्ट्रिप डब्यातून काढा. जुनी आणि नवी दोन्ही चालू राहिली की कराडच्या पत्रातल्यासारखी बेरीज होते.

प्रश्न: आई-वडील कणकवलीजवळ गावी, मी अबू धाबीला. दोघांना मिळून सात आजार. सुट्टीत दहा दिवस येतोय. त्या दहा दिवसांत काय करून ठेवू? (अबू धाबी)

उत्तर: पहिल्या दिवशी घरातली सगळी औषधं एका पिशवीत. फ्रिजमधली, देवघराजवळची, उशाखालची, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, चूर्ण, काढे, तेल, शेजाऱ्यांनी दिलेली "साखरेची पावडर" सुद्धा. मुदत गेलेली बाजूला. मग दोघांच्या दोन वेगळ्या याद्या, प्रत्येकी एका कागदावर: घटकाचं नाव, मि.ग्रॅ., कशासाठी, कधी आणि जेवणाआधी की नंतर, कधीपासून, कोणी दिली. "कशासाठी" हा रकाना कोरा राहील त्या गोळ्यांपासून डॉक्टरांशी बोलणं सुरू करा. कागदाच्या वर ठळक अक्षरात अ‍ॅलर्जी आणि शेवटचं क्रिएटिनिन, तारखेसह. फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये.

दुसरं काम, एक डॉक्टर ठरवा. गावाजवळचे फॅमिली डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी. हृदयाचे, डोळ्यांचे डॉक्टर लागतील तेव्हा लागतीलच, पण नवी चिठ्ठी आली की ती आधी या एका माणसाकडे जाईल, असा घरातला नियम करा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम राज्यात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत आला त्यात सिंधुदुर्ग होता. ठरलेली मोजकी औषधं, रुग्णाचं कार्ड आणि महिन्याचा पुरवठा अशी ती पद्धत आहे. आशाताईंना भेटून दोघांची कार्डं आहेत का बघा. गर्दीच्या दिवशी जाऊ नका, बाजाराचा वारही टाळा, आणि "आज फक्त औषधांबद्दल बोलायचंय" असं आधी सांगून ठेवा.

डॉक्टरांकडून गोळ्या कमी करून घेताना एक लक्षात ठेवा: मेटोप्रोलोल, अटेनोलोल, क्लोनिडिन, स्टेरॉइड, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, फिटच्या गोळ्या या कधीही एकदम बंद करायच्या नसतात. स्टेंट बसवल्यानंतरची क्लोपिडोग्रेल-अ‍ॅस्पिरिनही दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून परस्पर थांबवायची नाही.

आठवड्याचा खणांचा डबा आणा, पण थायरॉक्सिन त्याच्या बाटलीतच राहू द्या. कोकणातल्या दमट हवेत ते आधी बिघडतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीलाही डबा नको. डबा रविवारी भरायचा, आणि भरणारा माणूस एकच.

तपासण्यांच्या तारखा कॅलेंडरवर टाकून या. एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वर्षातून किमान एकदा, किडनी मंद असेल तर सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तसं. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा. पाय दर भेटीला, मोजे काढून.

शेवटचं काम म्हणजे आजारपणाची चिठ्ठी. डॉक्टरांकडून त्यांच्या अक्षरात लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. उलट्या-जुलाब किंवा जोराचा ताप असेल, खाणं-पिणं जात नसेल, तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, टेल्मिसार्टन-रामिप्रिल आणि लघवीच्या गोळ्या सहसा तेवढ्यापुरत्या थांबवतात आणि वेदनाशामक तर अजिबात घ्यायचं नाही. नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा चालू. इन्शुलिन मात्र स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही. डोस किती हे फोनवर विचारायचं. मधुमेह असला तरी जुलाबात ओआरएस द्यायचं. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर किती, हेही त्याच चिठ्ठीत लिहून घ्या.

प्रश्न: बीपी आणि किडनी दोन्ही असलेल्यांनी कमी सोडियमचं मीठ वापरावं का? आणि रोजचा ज्येष्ठमधाचा काढा? (मडगाव)

उत्तर: त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना आणि किडनी मंद असताना रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा नको, साधं मीठच दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात पापड-लोणचं आणि सुका बांगडाही धरून. पोटात गॅस झाला म्हणून फेसाळणारं सॉल्ट पिण्याची सवय असेल तर त्यातही सोडियम भरपूर असतं. ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घसरतं. लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. घसा धरला म्हणून कधीतरी एखादा तुकडा चघळायला हरकत नाही, रोजचा काढा बंद करा.